क्रिटा की रेबेल? कुंचल्याचा हात असलेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे चित्रकार टॅबलेटकडे वळले की तक्रार एकच: रेघ उमटते, पण रंग लागल्यासारखा वाटत नाही. मग ब्रशपॅक (तयार डिजिटल ब्रशांचे संच) उतरवायचा सपाटा सुरू होतो. त्यानं काही होत नाही हो. खरी मेख रंग एकमेकांत कसे मिसळतात यात आहे.

क्रिटा आणि रेबेल ही संगणकावर चित्रं रंगवायची दोन सॉफ्टवेअरं. त्यांत निळ्यावर पिवळा ओढून बघा. क्रिटाच्या नेहमीच्या ब्रशनं मधे करडा, मळकट पट्टा येतो. रेबेलच्या प्रो आवृत्तीत हिरवा येतो, कारण तिथलं मिश्रण पडद्यावरच्या रंगांच्या आकड्यांची नुसती सरासरी काढत नाही. खरं रंगद्रव्य प्रकाश किती शोषतं आणि किती परतवतं याचं गणित करतं. जुलैत जांबोटीच्या रानात दिसणारे दहा तऱ्हेचे हिरवे पॅलेटवर मिसळून काढायची सवय असेल, तर एवढ्यावरच रेबेल घ्यावंसं वाटेल. जलरंगातही तेच सरस: ओल्यावर सोडलेला रंग पसरतो, कागद तिरका केला की ओघळतो. पण पैसे पडतात आणि लॅपटॉप दमदार लागतो. मंडळाच्या मोठ्या फ्लेक्सची फाइल त्यात करायला गेलात तर ओला रंग अडखळत चालतो.

क्रिटा फुकट आहे, लिनक्सवरही चालतं. पोस्टर किंवा तैलरंगाचा हात असेल तर त्यातले कलर स्मज (खालचा रंग ओढत मिसळणारे) ब्रश उघडा आणि ‘कलर रेट’, म्हणजे नवा रंग किती चढावा ते ठरवणारी सोय, पेनाच्या दाबाला जोडा. हात हलका ठेवला की खालचा रंग नुसता ओढला जातो, दाबला की नवा चढतो. शिवाय सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, काम करता येतं, छपाईवाल्याला तेच हवं असतं.

दोन्हींच्या आधी पेन बघा. टॅबलेटच्या गुळगुळीत पाटीवर निब (पेनाचं टोक) घसरत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर कुंचल्यासारखं वाटणार नाही. फेल्टची निब बसवा. लवकर झिजते, पण कागदाची खरखर हाताला लागते. टॅबलेट नवा घेणार असाल तर पेनाचा झुकाव ओळखतो का ते विचारा. वाकॉम कंपनीच्या साध्या इंट्युऑस टॅबलेटमध्ये ती सोय नाही, आणि चपटा ब्रश कडेवर घेऊन ओढायचा तर तीच लागते.

मी सांगेन, पोटापाण्याचं काम फ्लेक्स-पत्रिकांचं असेल तर क्रिटाच घ्या आणि वाचलेले पैसे पेन-टॅबलेटात घाला. निव्वळ जलरंगातली निसर्गचित्रं करायची असतील तर रेबेलची चाचणी आवृत्ती आधी तुमच्याच लॅपटॉपवर चालवून बघा, मगच पैसे मोजा.