नवख्या गुंतवणूकदारासाठी इंडेक्स फंड : फंडाआधी निर्देशांक पारखा

इंडेक्स फंडाचे परीक्षण करायला बसले की पहिली अडचण अशी येते की, ज्यावर बोट ठेवावे असे कौशल्यच त्यात फारसे नसते. निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्या त्याच प्रमाणात विकत घ्यायच्या, निर्देशांक बदलला की आपणही बदलायचे आणि या कामाचा मोबदला शक्य तितका कमी घ्यायचा, एवढाच या फंडाचा वायदा असतो. त्यामुळे फंड व्यवस्थापक किती हुशार आहे, हा नेहमीचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. त्याऐवजी, हा निर्देशांक कोणी आणि कोणत्या नियमांनी तयार केला आहे, त्यात बाजाराचा किती भाग सामावला आहे, हे विचारावे लागते आणि नवखा गुंतवणूकदार सहसा नेमके हेच विचारत नाही. माझा कौल आधीच सांगून टाकतो. सुरुवात करणाऱ्याला बाजारमूल्यानुसार वजन देणाऱ्या, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व शेअरांचे एकूण मूल्य मोठे तिला वाटाही मोठा देणाऱ्या, शक्य तितक्या व्यापक निर्देशांकाचा एकच स्वस्त फंड पुरतो; उपलब्ध असलेल्या बाकीच्या बहुतेक फंडांची त्याला गरज नसते.

बाजारमूल्यानुसार वजन, हा आग्रह का, हे या उत्पादनाच्या जन्मकथेतूनच समजते. १९७१ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने सॅमसोनाइट कंपनीच्या पेन्शन निधीसाठी ६० लाख डॉलरचा निर्देशांकाधारित निधी उभारला आणि त्यात न्यूयॉर्क शेअर बाजारातील सर्व कंपन्यांना सारखेच वजन दिले. कागदावर ही योजना मोठी न्याय्य दिसते. परंतु शेअरचे भाव रोज हलत असल्यामुळे तो सारखेपणा टिकवण्यासाठी वाढलेले शेअर सतत विकावे आणि घसरलेले सतत घ्यावे लागले आणि व्यवहारांचा खर्च डोईजड होऊन बसला. बाजारमूल्यानुसार वजन दिले की ही उठाठेव उरत नाही. एखाद्या कंपनीचा भाव दुप्पट झाला तर निर्देशांकातील तिचे वजन जेवढे वाढते तेवढेच फंडाकडे असलेल्या तिच्या शेअरांचे मूल्यही आपोआप वाढलेले असते आणि फंडाला काहीही करावे लागत नाही. इंडेक्स फंड स्वस्त असतो तो व्यवस्थापकांच्या उदारपणामुळे नव्हे, तर या अंकगणितामुळे.

सामान्य गुंतवणूकदारासाठी असा फंड १९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने आणला. १५ कोटी डॉलर उभे करण्याचा मानस होता, प्रत्यक्षात जमले सुमारे १ कोटी १३ लाख. एवढ्या रकमेत एस अँड पी ५०० या अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातील सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणेही परवडणारे नव्हते, म्हणून निवडक शेअरांचा नमुना घेऊन काम सुरू झाले. ‘सरासरीवर समाधान कोण मानेल’ हा तेव्हाचा आक्षेप आजही ऐकू येतो आणि त्याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. बाजारातील सगळे गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो, म्हणून त्या सगळ्यांचा खर्चापूर्वीचा सरासरी परतावा बाजाराच्या परताव्याइतकाच असणार. त्यातून शुल्क, दलाली आणि उलाढालीचा खर्च वजा केला की निवड करून शेअर घेणाऱ्यांची सरासरी बाजाराच्या खाली जाते. कोणीतरी बाजाराच्या पुढे जातोच, यात शंका नाही. मात्र तो कोण असेल हे आधी ओळखता आले पाहिजे आणि नवख्याला ते येत नाही. अनुभवी माणसाला तरी येते का, हा वेगळा विषय आहे.

खर्चाचा आकडा लहान दिसतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, तेव्हा तो एकदा वर्षांच्या पटीत मांडून पाहावा. खर्चापूर्वी दरसाल ७ टक्के परतावा मिळतो असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर गुंतवलेल्या १०० चे ३० वर्षांत ७६१ होतात. वार्षिक खर्च ०.२ टक्के असेल तर हातात सुमारे ७२० येतात आणि तोच खर्च १.२ टक्के असेल तर ५४३. दोन्ही फंडांनी तेच शेअर तेवढाच काळ सांभाळले आणि तरीही एका टक्क्याच्या फरकाने शेवटच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. म्हणूनच एकाच निर्देशांकाचे दोन फंड समोर असतील तर महागाच्या बाजूने ठोस कारण असल्याशिवाय स्वस्तच घ्यावा. याला एक पुस्ती जोडावी लागेल. २०१८ मध्ये फिडेलिटीने अमेरिकेत शून्य खर्चाचे इंडेक्स फंड आणले, ते स्वतः बनवलेल्या निर्देशांकांवर, म्हणजे प्रसिद्ध निर्देशांकाच्या नावाचे परवाना शुल्क वाचवून. त्यात गैर काही नाही, परंतु ०.०५ आणि शून्य यांतील फरकापेक्षा निर्देशांकाची रुंदी कितीतरी महत्त्वाची आहे, हे अशा वेळी विसरले जाते.

आता त्या रुंदीकडे वळतो. निफ्टी ५० किंवा एस अँड पी ५०० हे एकेका देशातील मोठ्या कंपन्यांचे निर्देशांक आहेत, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य असते. फसगत होते ती ‘वर्ल्ड’ या शब्दापाशी. एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या संस्थेच्या ‘एमएससीआय वर्ल्ड’ या निर्देशांकात फक्त २३ विकसित बाजार येतात. चीन, भारत, तैवान, ब्राझील यांचा त्यात मागमूसही नसतो. उदयोन्मुख बाजार हवे असतील तर तिच्याच एमएससीआय एसीडब्ल्यूआय किंवा एफटीएसई या दुसऱ्या संस्थेच्या एफटीएसई ऑल-वर्ल्ड या निर्देशांकाकडे जावे लागते. पहिल्यात २३ विकसित बाजारांच्या जोडीला २४ उदयोन्मुख बाजार आणि सुमारे २,५०० कंपन्या आहेत, तर दुसऱ्यात ४,००० हून अधिक. बाजारांची प्रतवारीदेखील सर्वत्र एक नाही. दक्षिण कोरिया एफटीएसईच्या लेखी विकसित आहे आणि एमएससीआयच्या लेखी उदयोन्मुख. त्यामुळे एका संस्थेचा विकसित बाजारांचा निर्देशांक आणि दुसरीचा उदयोन्मुख बाजारांचा निर्देशांक अशी जोडी लावणाऱ्याच्या पदरात कोरिया दोनदा पडू शकतो किंवा अजिबात पडत नाही.

एवढे रुंद निर्देशांकही एका बाजूला झुकलेले आहेत, हा या उत्पादनाचा खरा दोष मानला जातो. अलीकडच्या वर्षांत एमएससीआय वर्ल्डचा सुमारे ७० टक्के भाग एकट्या अमेरिकेचा आहे आणि एस अँड पी ५०० मधील पहिल्या दहा कंपन्यांनी त्या निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा व्यापला आहे. पाचशे कंपन्या घेतल्या म्हणून जोखीम पाचशे ठिकाणी सारखी विभागली गेली, असा हिशेब कोणी करत असेल तर तो चुकीचा आहे. तरीही या झुकावाला घाबरून फंडच टाळावा, असे मला वाटत नाही, कारण जपानचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९८९ च्या अखेरीस जगातील शेअर बाजारांच्या एकूण मूल्यात जपानचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. निक्केई निर्देशांकाने त्या वर्षी २९ डिसेंबरला जी पातळी गाठली ती पुन्हा ओलांडायला त्याला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. हा आकडा लाभांश वगळून आहे, हे खरे. पण ज्याने केवळ जपानी निर्देशांक घेतला त्याचे उमेदीचे सगळे आयुष्य वाट पाहण्यात गेले. जागतिक निर्देशांक धरून ठेवणाऱ्यालाही तो फटका बसलाच, मात्र जपानचा वाटा आटत गेला तसतशी त्याची जागा इतर बाजारांनी घेतली आणि त्यासाठी त्याला एकही निर्णय घ्यावा लागला नाही. उद्या कोणता देश पुढे जाईल याचा अंदाज बांधता येत नाही म्हणूनच सगळे देश घ्यायचे असतात.

फंडाचे माहितीपत्रक हाती घेतल्यावर बहुतेकांची नजर मागच्या परताव्याच्या आकड्यांवर जाते. ते शेवटी पाहावेत. आधी निर्देशांकाचे संपूर्ण नाव वाचावे आणि तो लाभांशासह मोजलेला आहे की लाभांश वगळून, हे तपासावे, कारण लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी तुलना केली तर सामान्य फंडही चमकदार दिसतो. त्यानंतर फंड आणि निर्देशांक यांच्या वार्षिक परताव्यांची वजाबाकी करावी. निर्देशांक १० टक्के वाढला आणि फंड ९.७५ टक्के, तर फरक ०.२५ चा झाला, त्यातील ०.२० हा जाहीर केलेला खर्च असेल, तर उरलेले ०.०५ व्यवहारांत, करांत किंवा हाताशी ठेवलेल्या रोख रकमेत गेले आहेत. ०.२५ च्या या एकूण फरकाला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात. शेजारीच छापलेला ट्रॅकिंग एरर हा वेगळा आकडा असून तो फरक किती खाली-वर होतो एवढेच सांगतो. दरवर्षी न चुकता निर्देशांकाच्या एक टक्का मागे राहणाऱ्या फंडाचा ट्रॅकिंग एरर जवळपास शून्य असू शकतो. एकाच वर्षाच्या वजाबाकीवर मत बनवू नये, चार-पाच वर्षांच्या आकड्यांत चित्र स्पष्ट होते. मग पहिल्या दहा शेअरांची यादी पाहावी. एस अँड पी ५०० च्या फंडात तेथे अल्फाबेट हे नाव दोनदा दिसते, कारण त्या कंपनीचे दोन वर्गांचे शेअर निर्देशांकात आहेत. ती छपाईची चूक समजू नये.

याच यादीचा आणखी एक उपयोग आहे. दोन फंड घ्यायचे मनात असेल तर दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. एस अँड पी ५०० चा फंड, संपूर्ण अमेरिकी बाजाराचा फंड आणि एमएससीआय वर्ल्डचा फंड असे तीन फंड घेणाऱ्याला आपण पैसे तीन ठिकाणी विभागले असे वाटते. प्रत्यक्षात तिन्ही याद्यांच्या वरच्या टोकाला बहुतांशी त्याच कंपन्या असतात. अमेरिकी बाजाराच्या एकूण मूल्याचा सुमारे चार पंचमांश भाग एस अँड पी ५०० मध्येच येतो, तेव्हा पहिल्या दोन फंडांनी एकमेकांत फारशी भर घातलेली नसते. वैविध्य फंडांच्या संख्येवरून मोजण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे की, एकच फंड घ्या असे सांगितले की समोरच्याला तो सल्ला आळशीपणाचा वाटतो.

नावात ‘इंडेक्स’ असलेल्या सगळ्याच फंडांना हे परीक्षण लागू पडत नाही. एखादे क्षेत्र, एखादे तंत्रज्ञान किंवा सध्या चर्चेत असलेला विषय घेऊन बनवलेले निर्देशांकही आता भरपूर आहेत आणि त्यांवरचे फंडही नियमाप्रमाणेच चालतात. परंतु तो विषय निवडण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो आणि बहुधा त्या क्षेत्राचे भाव चढून गेल्यानंतर घेतलेला असतो. नवख्याने या दालनाकडे फिरकू नये, यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

व्यापक इंडेक्स फंडाचेही काही तोटे आहेत आणि त्यांतला पहिला फंड विकणारे हळू आवाजात सांगतात. बाजार पडला की हा फंड पूर्ण पडतो. मध्ये हात घालून सावरणारा कोणी नसतो. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात एस अँड पी ५०० सुमारे ५७ टक्के घसरला आणि त्याचे फंडही त्याच्यासोबत तितकेच घसरले. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा म्हणूनच येथे ठेवू नये आणि निम्मी रक्कम दिसेनाशी झाली तर झोप उडेल असे ज्याला वाटते त्याने काही भाग दर्जेदार रोख्यांत किंवा ठेवींत आधीच वेगळा काढावा. दुसरा तोटा असा की, फंडाने काय घ्यायचे हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. टेस्ला कंपनी एस अँड पी ५०० मध्ये येणार हे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि प्रत्यक्ष समावेश २१ डिसेंबरला झाला. मधल्या काळात शेअरचा भाव झपाट्याने वाढला आणि फंडांना चढ्या भावाने खरेदी करावी लागली. लहानमोठ्या सर्व कंपन्या घेणाऱ्या निर्देशांकाला हा त्रास कमी होतो, कारण नवी कंपनी त्याच्याकडे बहुधा आधीपासूनच असते. परदेशी बाजारांतील गुंतवणुकीत चलनाच्या चढउताराचीही भर पडते. दीर्घ मुदतीसाठी मी ती स्वीकारार्ह मानतो.

तोच निर्देशांक साध्या फंडाच्या आणि ईटीएफच्या, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकत मिळणाऱ्या फंडाच्या, अशा दोन्ही रूपांत मिळत असेल, तर दरमहा ठरावीक रक्कम भरणाऱ्याला साधा फंड सोयीचा पडतो, कारण व्यवहार त्या दिवशीच्या एनएव्हीवर, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या मूल्यावर, होतो आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील तफावत आपल्या खिशातून जात नाही. ईटीएफ घ्यायचाच असेल तर त्यात रोज पुरेशी उलाढाल होते ना, एवढे पाहून घ्यावे.

फंड घेतल्यानंतर तो रोज पाहण्याची गरज नसली, तरी कंपनीकडून येणाऱ्या सूचना मात्र वाचाव्यात. ऑक्टोबर २०१२ मध्ये व्हॅनगार्डने आपल्या २२ फंडांचे निर्देशांक बदलण्याचे जाहीर केले. परवाना शुल्क वाचवण्यासाठी एमएससीआय सोडून एफटीएसई आणि सीआरएसपी यांचे निर्देशांक स्वीकारले गेले आणि त्यामुळे उदयोन्मुख बाजारांच्या फंडातून दक्षिण कोरिया टप्प्याटप्प्याने बाहेर पडला. फंडाचे नाव तेच राहिले, खर्चही वाढला नाही, परंतु गुंतवणूकदाराकडे असलेल्या देशांची यादी बदलली. अशी सूचना आली की नव्या निर्देशांकाचे नाव लिहून घ्यावे आणि माहितीपत्रक नव्याने उघडावे.