सामान पुढे, आपण मागे: जपानमधील ‘ताक्क्युबिन’ सेवेचा अनुभव

नाशिकरोड स्थानकावर हमालाच्या डोक्यावरील बॅगेवरून नजर हलू न देण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःचे सामान दुसऱ्याच्या स्वाधीन करून मोकळे होणे अवघड जाते. त्यातच इथल्या एका कुरियरने आमचे पार्सल सोसायटीच्या फाटकाशी टाकून ‘पोहोचले’ अशी नोंद केल्याची आठवण ताजी होती. त्यामुळे टोकियोतील हॉटेलमध्ये बॅगा क्योटोला परस्पर पाठवण्याची ‘ताक्क्युबिन’ नावाची सोय आहे असे समजले, तेव्हा सौभाग्यवतींनी साफ नकार दिला.

तरीही आम्ही ती सेवा घेतली, कारण शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, मोठ्या बॅगांची पंचाईत होते. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज 160 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर टोकियो–क्योटो मार्गावर मे 2020 पासून त्यासाठी खास आसन आधीच आरक्षित करावे लागते. हॉटेलच्या कर्मचाऱ्याने फीतपट्टीने बॅग मोजली, जपानी पत्त्याची पावती स्वतःच भरली आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या वेळेत बॅग हवी, एवढेच विचारले. दर बॅगेच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो. आम्ही रिकाम्या हातांनी सुमारे सव्वादोन तासांत क्योटोला पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेत दोन्ही बॅगा हॉटेलात हजर होत्या. एकीचे चाक आधीपासूनच डुगडुगत होते, ते तसेच डुगडुगत आले; नवा ओरखडा मात्र एकही नव्हता.

यामाटो या जपानी मालवाहतूक कंपनीने 1976 मध्ये ही सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त 11 पार्सले आली होती. पुढे तिने स्कीचे आणि गोल्फचे सामानही याच पद्धतीने पोहोचवण्यास प्रारंभ केला. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे तिचे बोधचिन्ह मला फार समर्पक वाटले. या तत्परतेचा भार चालकांवर पडतोच. एप्रिल 2024 पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला 960 तासांची मर्यादा घालावी लागली, हे वाचल्यावर एखादा दिवस थांबायला हरकत नाही असे वाटते.

उणीव म्हणावी तर एकच: सकाळी दिलेली बॅग सहसा दुसऱ्या दिवशी मिळते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधे जवळ ठेवावीत. आमच्या हातातील पिशवीत नाशिकचा चिवडा होता आणि माझी रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत.