पाझोपॅनिब : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरवरची ही गोळी घरीच घेता येते. सलाईन लावायला दर आठवड्याला नागपूर गाठावे लागत नाही, आणि खेड्यात राहणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. पण काही महिने वापरून मत पक्के झाले आहे : गोळी झेपते की नाही, हे बरेचसे घेण्याच्या वेळेवर आणि रक्ततपासणीवर ठरते.

नेहमीचा डोस 800 मिलिग्रॅम, म्हणजे 400 च्या दोन गोळ्या, दिवसातून एकदाच. लिव्हर आधीच कमजोर असेल तर डॉक्टर कमी डोस देतात. खाण्याच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायची. जेवणासोबत घेतली की रक्तात औषध जवळपास दुप्पट चढते, आणि त्रासही त्याच मानाने वाढतो. चहा-बिस्कीट हेही खाणेच धरा. लवकर वावरात जाणाऱ्याला पहाटे पाचला गोळी आणि सहानंतर चहा-पोळी, हे वेळापत्रक चांगले जमते. गोळी कुटून देऊ नका. कुटलेली गोळी एकदम अंगात भिनते. डोस चुकला आणि पुढच्याला 12 तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर चुकलेला सोडून द्या.

सगळ्यात जास्त घोळ ॲसिडिटीच्या गोळीने होतो. आपल्याकडे कोणत्याही चिठ्ठीत पँटोप्राझोल असतेच. पोटातले आम्ल कमी झाले की पाझोपॅनिब नीट विरघळत नाही आणि अंगी लागत नाही. म्हणजे महागडे औषध पोटात जाऊनही पुरते काम होत नाही. जळजळ होत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते घ्या.

आता लिव्हर. या औषधावरचा सर्वात कडक इशारा याच बाबतीत आहे. सुरू केल्यावर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात, मग तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात आणि पुढेही ठरावीक काळाने एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायची. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढते) आणि बिलिरुबिन (कावीळ दाखवते) हे दोन आकडे आधी बघा. एसजीपीटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेले की दर आठवड्याला तपासणी. आठपटीवर गेले की गोळी थांबवावी लागते. एसजीपीटी तिपटीवर आणि बिलिरुबिनही दुपटीवर, असे दोन्ही एकदम चढले तर सहसा हे औषध कायमचे बंद होते. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो : कावीळ म्हटली की गावात झाडपाल्याच्या औषधासाठी नेतात. या रुग्णाला तसे नेऊ नका. कावीळ गोळीमुळे झालेली असू शकते, आणि त्या लिव्हरवर पाल्याचा आणखी भार पडतो.

बीपी बऱ्याच जणांचे पहिल्या काही आठवड्यांतच चढते. तेव्हा रोज एका ठरावीक वेळी, पाच मिनिटे बसून मोजा आणि वहीत लिहा. घरी मशीन नसेल तर उपकेंद्रात मोजून घ्या. सतत 140/90 च्या वर राहिले तर कळवा. गोळ्यांनी ते आटोक्यात येते. थायरॉइड आणि लघवीतले प्रोटीनही अधूनमधून तपासावे लागते.

जुलाब बऱ्याच जणांना होतात. ओआरएस घरात ठेवा. उन्हाळ्यात, पारा 45 च्या पुढे असताना, पाणी कमी पडले तर किडनी लवकर दमते, एक काढलेली असेल तर उरलेली जास्तच. तोंड आले असताना खर्रा (तंबाखू, सुपारी, चुन्याचे मिश्रण) म्हणजे जखमेवर चुना, तो सुटलाच पाहिजे. केस पांढरे होतात, चव जाते, थकवा राहतो. केसांचा रंग औषध थांबल्यावर परत येऊ शकतो. गोळ्यांचा डबा टिनाच्या छपराखाली ठेवू नका, 30 अंशांच्या आत राहील अशी कोरडी जागा शोधा.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊ नका, ते किडनी आणि बीपी दोन्हींना घातक. दात काढायचा किंवा ऑपरेशन ठरले तर आधी सांगा : ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधी गोळी थांबवतात, नाहीतर जखम नीट भरत नाही.