देवपुरातील बॅडमिंटन वर्ग : तीन महिन्यांचा अनुभव

धुळ्यात पांझरेपलीकडे देवपुरात, पत्र्याच्या छताखालच्या दोन कोर्टांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सकाळच्या बॅडमिंटन वर्गाला माझी बारा वर्षांची मुलगी मार्चपासून जाते. महिन्याचे शुल्क १,५०० रुपये असून शटलचा खर्च वेगळा द्यावा लागतो. पहिला महिना संपताना हा वर्ग सोडायचा असे मी जवळजवळ ठरवले होते; आज मात्र ओळखीच्या पालकांना तो आवर्जून सुचवतो.

याआधी ती ज्या वर्गात होती, तेथे एका दिवशी एकच फटका घोटून घेतला जाई. शंभर शॉर्ट सर्व्हिस एकामागून एक, आणि प्रत्येक सर्व्हिसनंतर सूचना : मनगट सैल सोड, कोपर खाली घे, रॅकेट तिरकी झाली. तास संपेपर्यंत शटल नेटला जवळजवळ घासून जाऊ लागे आणि बाकावर बसलेले आम्ही पालक खूश होत असू. रविवारची सुट्टी होऊन सोमवार उजाडला, की तीच सर्व्हिस पुन्हा वीतभर उंच जाई; सामन्यात तर तिचा पत्ताच नसे.

नव्या वर्गातील सर शॉर्ट, लाँग (उंच, मागच्या रेषेपर्यंत जाणारी) आणि ड्राइव्ह (सपाट, वेगवान) या तिन्ही सर्व्हिस मिसळून करून घेतात. सलग दोन सहसा सारख्या नसतात. असा सराव पाहताना जीव कासावीस होतो, कारण निम्मी शटले नेटमध्ये जातात. मी कुरकुर केली, तेव्हा सरांनी गूड आणि मगिल या संशोधकांच्या १९८६ मधील प्रयोगाचा दाखला दिला. त्यात शिकाऊ खेळाडूंनी नेमक्या याच तीन सर्व्हिसचा सराव केला होता. सराव संपल्यानंतरच्या चाचणीत, आणि सराव कोर्टाच्या उजव्या बाजूने केलेला असताना डाव्या बाजूने सर्व्हिस करायला लावल्यावरही, मिसळून सराव करणारा गट एकेक सर्व्हिस घोटणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. कारण असे सांगतात की एकच फटका पुन्हा पुन्हा मारताना हात मागच्याचीच नक्कल करतो, पण फटका बदलत राहिला तर हालचालीची जुळवाजुळव दर वेळी नव्याने करावी लागते, आणि सामन्यात हेच लागते.

मला अधिक पटली ती सरांची गप्प राहण्याची रीत. पाच-सहा सर्व्हिस होईपर्यंत ते बोलत नाहीत; मग विचारतात, “तुले काय वाटस?” शटल कुठे पडले आणि का, हे मुलीने आधी सांगायचे, मग सर आपले मत देतात. प्रत्येक फटक्याला सूचना मिळाली की खेळाडू त्या आधारावर विसंबतो आणि आधार काढला की कोसळतो, अशी मांडणी साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये केली होती. आमचे सोमवारचे दुखणे तेच होते. शिवाय सर मनगट-कोपराचे नाव क्वचित काढतात. शटलचे बूच नेटच्या पांढऱ्या पट्टीच्या बोटभर वरून जाऊ दे, एवढेच सांगतात. लक्ष शरीराच्या अवयवाऐवजी हालचालीच्या परिणामावर ठेवले तर शिकणे सुकर होते, हे गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातूनही वारंवार दिसले आहे.

दोष मात्र आहेत. दोन कोर्टांवर अठरा मुले असल्याने बराच वेळ रांगेत जातो आणि फूटवर्ककडे दुर्लक्ष होते. शटल वाऱ्याने भरकटू नये म्हणून पंखे बंद ठेवतात, ते योग्यच आहे. पण मे महिन्यात आठ वाजताच हॉलची भट्टी होते. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे रॅकेट नुकतीच हातात घेतलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांनाही हाच मिसळीचा सराव दिला जातो. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. त्यांतील पहिल्या टप्प्यावर, म्हणजे काय करायचे हेच अजून समजून घेत असताना, मुलाला एकच गोष्ट आणि थोड्या जास्त सूचना लागतात. सरांचे मौन तेथे उपयोगी पडत नाही; ती मुले नुसती बावचळून एकमेकांकडे पाहतात.

नवख्यांसाठी वेगळी बॅच काढण्याचे सरांनी मान्य केले आहे. ती सुरू झाली तर धाकट्यालाही घालीन. तोवर तो अंगणात भिंतीवर शटल मारतो आहे, ते बरे आहे.