घाऊक खरेदीच्या क्लबाचे कार्ड : चौदा महिन्यांचा हिशेब

वार्षिक शुल्क भरून कार्ड घ्यायचे आणि ते दाखवून गोदामासारख्या दुकानातून मोठ्या खोक्यांत, पिंपांत, गठ्ठ्यांत बांधलेला माल कमी भावाने आणायचा, अशा एका क्लबाचा मी चौदा महिने सभासद आहे. कार्ड घेण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी ‘बरीच बचत होते’ एवढेच सांगितले. बरीच म्हणजे किती, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी एक वही घातली. घरात आम्ही तीन माणसे आहोत, फ्रीज मध्यम आकाराचा आहे, वेगळा फ्रीझर नाही आणि क्लब घरापासून बराच लांब आहे. हे आधी सांगण्याचे कारण असे की या प्रश्नाचे उत्तर दुकानापेक्षा घरावर जास्त अवलंबून असते, हे मला पहिले सहा महिने पैसे घालवून कळले.

ही दुकाने मुळात कोणासाठी निघाली, हे ध्यानात घेतले की पुष्कळ उलगडा होतो. सोल प्राइस या अमेरिकन व्यापाऱ्याने 1976 मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे विमाने ठेवण्याच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला, तो छोट्या व्यावसायिकांसाठी; सामान्य ग्राहकांच्या काही गटांना प्रवेश मिळाला तो नंतर. कॉस्टको आणि सॅम्स क्लब हे याच धर्तीचे दोन क्लब 1983 मध्ये निघाले आणि पुढे 1993 मध्ये प्राइस क्लब व कॉस्टको एकत्र झाले. कॉस्टकोच्या एका दुकानात साधारण 4,000 प्रकारचाच माल असतो, तर मोठ्या सुपरमार्केटमध्ये तो याच्या कित्येक पट असतो. प्रकार मोजके ठेवायचे, प्रत्येकाची उचल प्रचंड करायची, मालावर नफा थोडाच चढवायचा आणि एकूण नफ्याचा मोठा वाटा सभासदांच्या शुल्कातून काढायचा, असे हे गणित आहे. त्यामुळे तेथील भाव खरोखरच कमी असतो, याविषयी माझी तक्रार नाही. पण पुडा मात्र अजूनही एखाद्या खानावळीला पुरेल एवढाच असतो, आणि तो न्यायचा असतो तीन माणसांच्या घरात.

आता वहीकडे येतो. शुल्क ठिकठिकाणी निराळे असल्यामुळे मी वार्षिक शुल्क 100 धरून सगळे आकडे मांडतो. बचत मोजताना मी एक पथ्य पाळले : क्लबातील भावाची तुलना छापील किमतीशी न करता, तीच वस्तू मी नेहमीच्या दुकानातून, तेथे सवलत असेल तर ती धरून, प्रत्यक्षात ज्या भावाने घेतली असती त्याच्याशी केली, आणि तीही किलोमागे, लिटरमागे किंवा नगामागे. या पथ्यामुळे कित्येक वस्तूंची बचत जागच्या जागी विरघळली, कारण नेहमीचे दुकानदारही अधूनमधून गिऱ्हाईक खेचण्यासाठी काही माल पडेल भावात काढतात आणि त्या आठवड्यात क्लब महाग ठरतो.

पहिल्या सहा महिन्यांत भावातला फरक 84 भरला. त्यातून खराब होऊन टाकलेल्या मालाचे 33 गेले आणि अकरा फेऱ्यांच्या इंधनाचे 29 गेले. हातात उरले 22, म्हणजे अर्ध्या वर्षाच्या शुल्काच्या निम्मेही नाहीत. दुसऱ्या सहामाहीत फरक 128, नासाडी 5 आणि सहा फेऱ्यांचे इंधन 16, म्हणून शिल्लक 107. वर्षाचे एकूण 129 झाले आणि शुल्क वजा जाता 29 पदरात पडले. कागदावर हा फायदाच आहे. मात्र वहीच्या मागच्या पानावर ‘गरज नसताना घेतलेले’ असा एक रकाना आहे आणि त्यात एकट्या पहिल्या सहामाहीची बेरीज 90 आहे : घडीची टेबले, चार टॉर्चचा संच, अजून वेष्टनातून न काढलेली एक ब्लँकेट. आज दिसलेला माल पुढच्या खेपेला असेलच असे नाही, अशा रीतीने तेथील मांडणी केलेली असते आणि त्या भीतीला मी व्यवस्थित बळी पडलो. तो रकाना जमेस धरला, तर पहिले वर्ष सरळसरळ तोट्याचे होते.

नासाडीतली सर्वांत बोचरी नोंद अक्रोडांची आहे. दीड किलोची पिशवी होती आणि भाव नेहमीच्या जवळजवळ दोनतृतीयांश. सुरुवातीला मूठमूठ खाल्ले, मग उत्साह ओसरला. तिसऱ्या महिन्यात डबा उघडला तेव्हा रंगाच्या डब्याला येतो तसा उग्र वास आला. दोन दाणे चाखून पाहिले, ते खवट लागले, आणि जवळपास निम्मी पिशवी कचऱ्यात गेली. म्हणजे जे खाल्ले ते आम्हाला नेहमीच्या दुकानापेक्षा महाग पडले. तेलकट पदार्थ, मसाले, पिठे आणि औषधी गोळ्या यांना ‘टिकाऊ’ म्हणण्याची सवय आपल्याला असते, पण वेष्टन फोडल्यानंतर ते किती दिवस टिकतात आणि तेवढ्या दिवसांत आपण ते किती वापरतो, हे कोणीच मोजत नाही. मीही मोजले नव्हते.

दुसरी गळती अधिक छुपी होती. भांड्यांचा साबण पाच लिटरच्या कॅनमध्ये आणल्यापासून लहान बाटलीत भरताना हात सैल सुटला. पूर्वी एक बाटली जेमतेम महिना पुरायची ती वीस दिवसांत संपू लागली. भावात वाचलेला तिसरा हिस्सा असा फेसातून वाहून गेला. शेवटी बाटलीवर पेनाने खूण करून ‘एवढाच महिन्याचा’ असे लिहिले, तेव्हा कुठे वापर जाग्यावर आला. घरात यावरून माझी बरीच थट्टा झाली, ती रास्तच होती.

दुसरी सहामाही सुधारली ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे खरेदीची यादी नऊ वस्तूंवर आणली : कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, कागदी रुमाल, टॉयलेट पेपर, कचऱ्याच्या पिशव्या, बॅटरी, तेल, दाढीची पाती आणि टूथपेस्ट. वर्षभराच्या 212 च्या फरकापैकी 160 या नऊ वस्तूंनीच दिले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांबरोबरची वाटणी. ते कार्डधारक नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून आम्ही पुडे फोडतो, डब्यांत भरतो आणि बिलावर पेन्सिलीने वाटे मांडतो. कागदाच्या नऊ रिळांच्या गठ्ठ्यात चार कोणी घ्यायची आणि पाच कोणी, यावर दोन्ही घरांत जो संकोच चालतो तो पाहण्यासारखा असतो. अशी वाटणी जमण्यासारखे शेजारी असतील, तर लहान घरालाही कार्ड परवडू शकते.

काउंटरवर मला दुप्पट शुल्काचे वरच्या दर्जाचे कार्ड घेण्याचा आग्रह झाला. त्यावर खरेदीच्या 2 टक्के रक्कम परत मिळते. त्याचा हिशेब सोपा आहे : जादा भरलेल्या शुल्काच्या पन्नास पट खरेदी झाली तर बरोबरी होते. माझी वर्षाची एकूण खरेदी शुल्काच्या 21 पट होती, म्हणजे 100 जास्त भरून 42 परत आले असते. मोठ्या कुटुंबाचे किंवा लहानसे दुकान, पाळणाघर चालवणाऱ्यांचे गणित वेगळे असू शकते. गाडीचे टायर किंवा चष्मा क्लबातून घ्यायचा असेल त्या वर्षाचेही.

नव्याने घेणाऱ्यांनी शुल्क परत मिळण्याचे नियम आधी वाचावेत. कॉस्टकोसारखे क्लब असमाधानी सभासदाला शुल्क पूर्ण परत देतात. असे असेल तर तीन महिने वही ठेवून पाहण्यात फारसा धोका नाही. त्या तीन महिन्यांत मोठी रक्कम एकदम मालात अडकते, हे मात्र गृहीत धरावे. आमच्या पहिल्या फेरीने त्या महिन्याचे घरखर्चाचे पाकीट पंधरवड्यातच रिकामे केले होते.

मी साध्या कार्डाचे नूतनीकरण केले आहे. दुसऱ्या वर्षाच्या दोन महिन्यांत वहीत दोनच फेऱ्या आहेत, नासाडीचा रकाना कोरा आहे आणि मागच्या पानावर एकच नोंद आहे, एका छत्रीची. पावडरीच्या पिंपाचा तळ दिसू लागला आहे, तेव्हा तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात होईल. शेजाऱ्यांची यादी फ्रीजवर चिकटवलेली आहे.