अनेक डोमेन, एकच ॲप: दारात एनजिनएक्स ठेवावं की कॅडी?

लातूर-नांदेडच्या क्लासवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करत असाल तर हा प्रश्न आज ना उद्या येतोच. एनजिनएक्स आणि कॅडी हे दोन्ही वेब सर्व्हर, ॲपच्या पुढे बसून येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारे. ॲप एकच, फी-हजेरी-निकाल सगळ्यांचं सारखंच, पण पत्ता ज्याला त्याला स्वतःचा हवा. सुरुवातीला आपल्या डोमेनवर सबडोमेन दिलं तर सर खूश असतात, वर्षभराने म्हणतात, "आमच्या फ्लेक्सवर तुमचं नाव कशाला?" त्यात २०२३ साली जिल्ह्यांची नावं बदलली. उस्मानाबादचं डोमेन जुन्या पत्रकांवर छापलेलं, म्हणून सोडता येत नाही. धाराशिवचं नवं तर हवंच. एका गिऱ्हाइकाचे दोन पत्ते झाले, वर दोन्हींचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.

ॲपमध्ये काम थोडं आहे. होस्ट हेडर (ब्राउझरने कुठलं डोमेन मागितलं ते) वाचायचा, टेबलात क्लास शोधायचा, नाही सापडला तर ४०४, म्हणजे 'पान नाही'. डॉट भारतचं देवनागरी डोमेन प्यूनीकोडमध्ये, म्हणजे xn-- ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत येतं, टेबलातही तसंच ठेवा. गूगल लॉगिनचा रिडायरेक्ट पत्ता (लॉगिननंतर माणूस परत येतो तो) तंतोतंत नोंदवावा लागतो, वाइल्डकार्ड, म्हणजे नावाच्या जागी * टाकलेला पत्ता, चालत नाही. म्हणून लॉगिन एकाच मुख्य डोमेनवर ठेवलेलं बरं.

खरी निवड एचटीटीपीएसची, म्हणजे प्रत्येक पत्त्याला सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट कसं मिळवायचं याची. एनजिनएक्ससोबत ते सर्टबॉट नावाचा प्रोग्राम काढतो, कॅडी स्वतःच काढतं. एनजिनएक्स-सर्टबॉट आणि कॅडी, दोन्ही मी चालवलंय.

नुसती सबडोमेनं असतील तर फार डोकं लावू नका. सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१८ पासून वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या सबडोमेनांना पुरणारं) फुकट देते, अट एवढीच की पडताळणी डीएनएसमधूनच, म्हणजे डोमेनच्या नोंदींतूनच होते. त्यासाठी सर्टबॉटला प्लगइन लागतं आणि कॅडीलाही. उलट कॅडी त्या प्लगइनसकट वेगळं बिल्ड करावं लागतं, म्हणून इथे सर्टबॉटच सोपं वाटतं. वाइल्डकार्ड एकाच पातळीपुरतं असतं आणि मूळ डोमेन त्यात धरलं जात नाही, ते वेगळं लिहा.

गिऱ्हाइकांची स्वतःची डोमेनं आली की चित्र बदलतं. एका सर्टिफिकेटात १०० नावं बसतात, म्हणून सगळी एकत्र कोंबण्याचा मोह होतो. माझ्याकडे तशीच मांडणी होती. मग एका क्लासचं डोमेन बुडालं. ते घेतलं होतं वेबसाइट करून देणाऱ्या कुण्या पोराच्या खात्यातून, पोरगा पुण्याला गेला, फोन लागेना, सरांना रिन्यू करायचं असतं हेच माहीत नाही. सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नूतनीकरणाला प्रत्येक नावाची पडताळणी होते आणि एक नाव अडलं की साधारणपणे सगळं सर्टिफिकेट अडतं. ज्यांचा काही संबंध नाही त्या क्लासेसच्या साइटवरही ब्राउझर लाल पाटी दाखवणार! अडलेली नावं वगळून पुढे जायचा पर्याय सर्टबॉटला आहे, तो वापरता येतो. पण दुसरी भानगड उरतेच: कुणीही सर्टिफिकेट उघडलं की आपली सगळी गिऱ्हाइकं यादीसारखी दिसतात. लातूरमध्ये एका क्लासला समोरच्या क्लासचं नाव आपल्या सर्टिफिकेटात दिसणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

नावागणिक वेगळं सर्टिफिकेट काढून सर्टबॉटवरही हे सुटतं. मग प्रत्येकाचा सर्व्हर ब्लॉक (एनजिनएक्सच्या सेटिंगमधला त्या डोमेनचा भाग), फाइलचा रस्ता, रीलोड. स्क्रिप्ट लिहून झालं की चालतं, खोटं कशाला बोलू. फक्त दहावीच्या निकालानंतर प्रवेशाची गर्दी सुरू होते तेव्हा प्रत्येक नव्या पत्त्यासाठी सर्व्हरवर हात घालावा लागतो, ते मला जड गेलं.

कॅडीत ऑन-डिमांड टीएलएस (मागणी आली की सर्टिफिकेट) आहे. नव्या नावावर पहिला माणूस येतो तेव्हाच सर्टिफिकेट काढलं जातं. त्याआधी कॅडी आपल्या ॲपला विचारतं, हे नाव आपलं का? ॲपने २००, म्हणजे 'हो' दिलं तरच पुढे. ही विचारणा जोडल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर कुणीही आपलं डोमेन तुमच्या आयपीकडे (सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे) वळवून सर्टिफिकेटं काढायला लावेल. आता क्लास टेबलात टाकला की काम झालं, आणि एकाचं डोमेन बुडालं तर त्याचंच बुडतं.

खोट नाही असं नाही. पहिल्या माणसाला काही सेकंद थांबावं लागतं. मी तो पहिला माणूस स्वतःच होतो, लिंक सरांना नंतर पाठवतो. सर्टिफिकेटांचं फोल्डर जपावं लागतं. ते गेलं तर सगळी एकदम नव्याने मागितली जातात आणि लेट्स एन्क्रिप्टची ठराविक काळात किती सर्टिफिकेटं द्यायची ही मर्यादा आडवी येऊ शकते. संभाजीनगरात एनजिनएक्स येणारा पोरगा पटकन मिळतो, कॅडीवाला शोधावा लागतो. तुमची टीम एनजिनएक्समध्ये मुरलेली असेल आणि बाहेरची डोमेनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर आहे तिथेच राहा, माझी हरकत नाही. त्यापुढे गेलात तर मी कॅडीच म्हणेन.

एक गोष्ट मात्र दोन्हींकडे सारखीच. मूळ डोमेनवर सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) लावता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला ए रेकॉर्डमध्ये (थेट आयपीच्या नोंदीत) आयपी द्यावा लागतो, आणि तो एकदा दिला की बदलायला पुन्हा त्या पुण्याच्या पोराला शोधावं लागतं. तेव्हा पहिलं डोमेन जोडण्याआधी होस्टिंगवाल्याकडून आयपी कायमचा राखून घ्या.