नोंदी ठेवायला एक्सेल बरं की ॲक्सेस?

एक्सेलचं फॉरमॅटिंग हातात बसलं की पुढचा प्रश्न येतोच. नोंदी शीटमध्येच ठेवायच्या, की ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये टेबलं करून त्यांची रिलेशनशिप, म्हणजे एकमेकांशी नातं, जोडायची? वाचनालयाच्या देवघेवीसाठी मी दोन्ही वापरून पाहिलंय.

दिसण्यात एक्सेल निर्विवाद पुढे. कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं की मुदत उलटलेली तारीख आपोआप लाल होते; ॲक्सेसमध्ये त्यासाठी फॉर्म किंवा रिपोर्ट बनवावा लागतो. शीर्षकासाठी मर्ज सेल (अनेक सेल जोडून केलेला एक) मात्र टाळा, सॉर्ट तिथेच अडतो. सेंटर अक्रॉस सिलेक्शनने तेच दिसतं आणि काही बिघडत नाही.

माझा निर्णय ठरला तो एका नावामुळे. शीटमध्ये प्रत्येक ओळीत सदस्याचं नाव, फोन, पुस्तक आणि तारीख अशी नोंद होती. एका सदस्याने किती पुस्तकं नेली ते काढायला काउंटइफ लावलं, उत्तर आलं ३. ओळी बोटाने मोजल्या तर ५. एका ओळीत ‘कुलकर्णी’चं ‘कुळकर्णी’ झालं होतं, ते दिसलं तरी. दुसरी ओळ हुबेहूब तशीच होती. एफ२ दाबल्यावर कर्सर शेवटच्या अक्षरापासून सुटून उभा राहिला, तेव्हा कळलं की नावामागे एक स्पेस आहे. ट्रिमने स्पेस जाते, पण ‘ळ’चं काय? डेटा व्हॅलिडेशनची यादीही, म्हणजे ठरलेल्या नावांतूनच निवडायचा नियम, लावून पाहिली. कोणी दुसरीकडून सेल कॉपी करून पेस्ट केला की तो नियमच पुसला जातो.

ॲक्सेसमध्ये नाव आणि फोन एकदाच, सदस्यांच्या टेबलात. देवघेवीच्या टेबलात फक्त सदस्य क्रमांक. रिलेशनशिप जोडताना ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’वर टिक केली की दोन टेबलांमधल्या रेषेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्याला ∞ दिसतं, म्हणजे एक सदस्य, अनेक नोंदी. मग यादीत नसलेला क्रमांक टाकला तर नोंद सेव्हच होत नाही. फोन बदलला तर एकाच जागी बदलायचा.

सुरुवातीला ही टिक लागत नाही म्हणून बरेच जण वैतागतात. आधी डेटा टाइप पाहा: एका टेबलात ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) असेल तर दुसऱ्यात नंबर, आणि फील्ड साइझ लाँग इंटिजर हवी. कॅस्केड डिलीटची टिक मी लावत नाही. एक सदस्य काढला की त्याची सगळी देवघेव सोबत जाते.

नुसती एक यादी किंवा महिन्याचा हिशेब असेल, तर ॲक्सेसचा खटाटोप कदाचित जास्त वाटेल आणि मी आग्रहही धरणार नाही. पण एकच नाव अनेक ओळींत येणार असेल, तर पहिल्याच दिवशी दोन टेबलं करा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या नोंदी आता ॲक्सेसमध्ये असतात. छापायच्या वेळी क्वेरी, म्हणजे टेबलांतून हवी ती निवडलेली माहिती, एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करतो आणि रंगरंगोटी तिथे करतो.